लहान शहरातून मुंबईचं विमान: तुमचे अनुभव लिहा

राज्यातल्या बऱ्याच शहरांना गेल्या काही वर्षांत मुंबईचं विमान मिळालं, काहींचं सुरू होऊन बंदही पडलं. पहिल्या दिवशी पेपरात फोटो येतो, पुढे ते टिकलं का, कामाच्या वेळेला होतं का हे कोणी लिहीत नाही. ज्यांनी प्रवास केलाय त्यांनी सविस्तर सांगा.

---

आम्ही अमरावतीचे. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याहून, म्हणजे आमच्या विमानतळावरून, मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा आधी आईच डोळ्यासमोर आली, तिला तपासणीसाठी मुंबईला न्यावं लागतं आणि रात्रभर ट्रेनमध्ये बसून पाय सुजायचे तिचे. एटीआर म्हणजे पंख्याचं लहान विमान, त्यात मागच्या दारातून चढतात, पायऱ्या मोजक्याच, आई कठडा धरून एकटी चढली आणि वर पोचल्यावर मागे वळून आम्हालाच म्हणाली, चला लवकर. खूप बरं वाटलं. पण विमान रोज नाही, डॉक्टरांचा वार आणि विमानाचा वार जुळत नाही, म्हणून जाताना विमान नि येताना ट्रेन असं करतो.

---

चिपीचं, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळाचं लिहितो. ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला तेव्हा वाटलं आता गणपतीला तिकिटासाठी चार महिने आधी झगडायला नको. पावसात ढग खाली आले की विमान रद्द, मेसेज यायचा तेव्हा आपण निम्म्या रस्त्यात, आणि मग ऐनवेळी कोकण रेल्वेत जागा कुठून मिळणार? तरी लोक जात होते हो! उडान योजनेची (लहान शहरांना परवडणारं विमान मिळावं म्हणून असलेली केंद्राची योजना) तीन वर्षं भरली आणि २०२४ मध्ये ते मुंबईचं विमान थांबलं. गावाकडे म्हातारी माणसं असलेल्यांना हे फार लागलं.

---

दादा, मी विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये काम केलंय म्हणून सांगते. उडानमध्ये कंपनीला तोटा भरून द्यायला सरकारी मदत मिळते ती तीन वर्षंच. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हीवर एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत, सकाळ-संध्याकाळचा स्लॉट (विमान उतरायची-सुटायची नेमून दिलेली वेळ) म्हणजे सोनं. सत्तर सीटच्या एटीआरला लागतो तोच स्लॉट एकशेऐंशी सीटच्या एअरबसला लागतो, मग कंपनी कुठलं विमान लावेल? लहान शहरांच्या वाट्याला भर दुपार येते ती यामुळे. माझं स्पष्ट मत आहे की सकाळचे थोडे स्लॉट राज्यातल्या शहरांसाठी राखून ठेवायलाच हवेत.

---

नांदेड. २७ एप्रिल २०१७ ला उडानची पहिली विमानं निघाली त्यात आमचं हैदराबादचं होतं. मुंबईच्या विमानाचं मात्र चालू-बंद असंच बघत आलोय.

---

तिकीट काढणाऱ्यांसाठी थोडं. उडानमध्ये साधारण निम्म्याच सीटना भाड्याची मर्यादा असते (सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये होती), त्या संपल्या की दर वाढतात, त्यामुळे तारीख पक्की असेल तर लगेच काढा. एटीआरमध्ये वरचे कप्पे लहान असतात, मोठी केबिन बॅग काउंटरलाच द्या. पुढचं विमान पकडायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर घ्या, नाहीतर पहिलं उशिरा आलं की दुसऱ्याचे पैसे गेले. आणि मार्च नि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलतं, त्याच्या आसपासचं बुकिंग असेल तर वेळ पुन्हा तपासा, आमच्या एका नातेवाइकांचं विमान असंच सकाळचं दुपारी झालं आणि कोर्टाची तारीख हुकली.

---

वरच्या ताईंनी स्लॉटचं छान समजावलं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडायला लागली, तिथे तरी आपल्या शहरांना सकाळची वेळ मिळावी असं मनापासून वाटतं. सोलापूरकर कोणी आहेत का इथे? सकाळी जाऊन मंत्रालयातलं काम उरकून त्याच दिवशी परत येणं जमतं का, प्लीज लिहा, वडिलांच्या पेन्शनच्या कामाला जायचंय.