फळ्यावरचं लिंकनचं वाक्य

(विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, बुधवारी रात्री)

बी-१०४ : सेक्रेटरी भाऊ, खाली फळ्यावरचा सुविचार लेकीला फार आवडलाय. "कंपन्या सिंहासनावर बसल्यात, आता वरच्या पदांवर भ्रष्टाचाराचं युग येणार – अब्राहम लिंकन." शनिवारी भावे नाट्यमंदिरात वक्तृत्व स्पर्धा आहे, भाषणाची सुरुवात त्यानंच करणार म्हणतेय. अख्खं पत्र कुणाकडं आहे का?

सेक्रेटरी : मला फॉरवर्ड आलेलं वहिनी. खाली तारीखपण होती, २१ नोव्हेंबर १८६४. एल्किन्स नावाच्या कर्नलला लिहिलेलं पत्र आहे.

ए-२०३ (सर) : वहिनी, तेवढं वाक्य घेऊ देऊ नका. ते लिंकनचं नाही.

सी-३०१ : काय ओ सर! तारीख आहे, नाव आहे, अजून काय पाहिजे?

ए-२०३ (सर) : मूळ पत्र पाहिजे. ते आजवर कुणालाच सापडलेलं नाही. लिंकन १८६५ च्या एप्रिलमध्ये गेले आणि हे वाक्य छापील दिसायला लागलं १८८८ च्या सुमारास. मधल्या तेवीस वर्षांत त्याचा पत्ता नाही. त्यांचे सचिव जॉन निकोले तेव्हा हयात होते, त्यांनी ते सरळ बनावट ठरवलं. लिंकनचा मुलगा रॉबर्ट यानंही शोध घेतला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका गावात प्लँचेटसारखी बैठक झाली होती, तिथं माध्यमाच्या तोंडून "लिंकन" बोलले, तिथूनच हे निघालं असं त्याचं मत. रेल्वे आणि तेलकंपन्यांवर लोक चिडले होते तो हा काळ. त्या रागाला मोठ्या माणसाचं नाव हवं होतं. खुद्द लिंकन वकिलीच्या दिवसांत इलिनॉय सेंट्रल रेल्वेचे खटले लढवायचे, आणि ५,००० डॉलर फीसाठी त्याच कंपनीवर दावाही लावला होता. हे मात्र खरं आहे.

सी-३०१ : पण विचार तर बरोबर आहे ना सर? कुणी का म्हटलेलं असेना.

ए-२०३ (सर) : तुमची खोटी सही करून कुणी ठराव मंजूर केला, तर ठराव चांगला असला तरी सर्वसाधारण सभेत तुम्ही उठून बोलालच ना? गेलेल्या माणसाला उठून बोलता येत नाही.

सी-३०१ : हे पटलं.

सेक्रेटरी : फळा आत्ता पुसून येतो. चौकशी न करता लिहिलं, चूक माझी.

बी-१०४ : सर, लेक रडवेली झालीय. सुरुवातच गेली तिची.

ए-२०३ (सर) : तिला सांगा, याहून जुनं आणि अस्सल देतो. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन, १२ नोव्हेंबर १८१६, जॉर्ज लोगन यांना पत्र. पैसेवाल्या कंपन्यांची सरदारकी जन्मतःच चिरडली पाहिजे, असं त्यात लिहिलंय. त्या आत्ताच सरकारला ताकद आजमावायचं आव्हान देतायत आणि देशाचे कायदे जुमानत नाहीत, असंही. लिंकनच्या जन्माला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती.

बी-१०४ : सर, ती म्हणतेय दोन्ही वापरते. आधी खोटं वाक्य म्हणायचं, मग ते कुणाचं नाही ते सांगायचं आणि मग जेफरसन. चालेल का?

ए-२०३ (सर) : उत्तम! प्लँचेटची गोष्ट मात्र "रॉबर्ट लिंकनच्या मते" असं म्हणूनच सांग म्हणावं. उद्या संध्याकाळी सातला गच्चीवर पाठवा, म्हणून घेतो.