स्टॉकच्या एकाच ओळीवर लॉकची रांग. विक्रीच्या ओळी वाढवल्या तर टेबल फुगतं (पोस्टग्रेस 15 डेटाबेस)

रात्रपाळी: स्टॉक टेबलात वस्तूमागे एक ओळ, त्यात शिल्लक. सेल सुरू झाला की एकाच वस्तूवर 200 कनेक्शन अडकतात. अपडेट काढून प्रत्येक विक्रीला ‘उणे 1’ची नवी ओळ घालून पाहिली. लॉक गेले, पण टेबल भराभर वाढतं आणि शिल्लक काढायची बेरीज रांगायला लागते. मधला मार्ग काय?

कमिटवाला: आधी अपडेट ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटात) कुठे आहे ते बघा. ओळीवरचा लॉक अपडेट झाल्यावर नाही, कमिटला, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं होताना सुटतो. अपडेटनंतर पेमेंट गेटवेचा 300 मिलिसेकंदांचा कॉल असेल तर त्या वस्तूच्या सेकंदाला तीनच विक्री होणार, सर्व्हर कितीही मोठा घ्या. कॉल ट्रान्झॅक्शनबाहेर काढा, अपडेट सगळ्यात शेवटी करा आणि लगेच कमिट. ऑर्डरमध्ये अनेक वस्तू असतील तर आयडीच्या चढत्या क्रमाने अपडेट करा, नाहीतर डेडलॉक (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसणं) ठरलेला. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं.

खणवाला: नाही भागलं तर फक्त जास्त खपाच्या वस्तूंची शिल्लक 16 खणांत, म्हणजे 16 ओळींत वाटा. शिल्लक शून्याहून जास्त असलेला एक खण ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ने (लॉक असलेल्या ओळी वगळून मोकळी ओळ लॉक करतं) उचला आणि त्यातून वजा करा. बेरीज 16 ओळींचीच. खण मिळाला नाही म्हणून लगेच ‘माल संपला’ दाखवू नका. सगळे खण नुसते लॉक असतील. स्किप लॉक्ड काढून पुन्हा विचारा. ऑर्डर 3 नगांची आणि खणात 2च, असं झालं तर खण क्रमाने लॉक करून दोन-तीन खणांतून घ्या. हा कोड जरा किचकट होतो, म्हणून सरसकट सगळ्या वस्तूंना खण करू नका.

रात्रपाळी: कॉल बाहेर काढला, खणही केले. रांग गेली. पण आता ओळी 9 हजार आणि टेबल 600 एमबी!

मेलेल्या_ओळी: प्रत्येक अपडेट ओळीची नवी आवृत्ती लिहितो. जुनी कोणालाच दिसायची शक्यता उरली नाही तरच ती जागा मोकळी होते. लांबलेला रिपोर्ट, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेलं) पडलेलं कनेक्शन किंवा हॉट स्टँडबाय फीडबॅक (आपल्याला लागणाऱ्या जुन्या आवृत्त्या मुख्य सर्व्हरला कळवणारी सेटिंग) चालू असलेल्या रेप्लिकावरची, म्हणजे डेटाबेसच्या प्रतीवरची क्वेरी, यातलं काहीही ती अडवून धरू शकतं. तोवर ऑटोव्हॅक्यूम (जुन्या आवृत्त्या आपोआप साफ करणारा) येऊन हात हलवत परत जातो. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत (चालू कनेक्शनांची यादी) सगळ्यात जुना बॅकएंड_एक्समिन (त्या कनेक्शनला किती जुन्या आवृत्त्या लागू शकतात त्याची खूण) कोणाचा ते शोधा.

दुसरं, ‘शिल्लक शून्याहून जास्त’ अशी अट घालून इंडेक्स केलाय का? मग शिल्लक बदलली की हॉट अपडेट (इंडेक्सांना हात न लावता त्याच पानात होणारा अपडेट) होत नाही. कॉलम फक्त अटीत असला तरी इंडेक्समधलाच धरला जातो. प्रत्येक विक्रीला सगळ्या इंडेक्सांत नवी नोंद जाते. तो इंडेक्स काढा. फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं ती सेटिंग) 50 ठेवा, म्हणजे 8 केबीच्या पानात नव्या आवृत्तीला जागा राहील. यात अर्धी जागा मुद्दाम वाया घालवतोय, पण 9 हजार ओळींना ती परवडते.

फिलफॅक्टर जुन्या पानांना आपोआप लागत नाही. त्यामुळे रहदारी नसताना एकदा व्हॅक्यूम फुल (अख्खं टेबल लॉक करून नव्याने लिहिणारी कमांड) चालवा, आधी लॉक_टाइमआउट (लॉकची वाट बघायची कमाल वेळ) 2 सेकंद करून. नाहीतर ती कमांड लॉकची वाट बघत उभी राहील आणि तिच्यामागे साधे सिलेक्टही तुंबतील.

रात्रपाळी: अटीचा इंडेक्स होताच, काढला. शिवाय एक रिपोर्टचं कनेक्शन सकाळपासून उघडं सापडलं. व्हॅक्यूम फुल आज रात्री.

मेलेल्या_ओळी: उद्या पीजी_स्टॅट_युजर_टेबल्समध्ये (टेबलवार आकडेवारी) एकूण अपडेट आणि हॉट अपडेट दोन्ही आकडे बघा. आकडे साठत जातात, तेव्हा आजचे टिपून ठेवा आणि फक्त फरक मोजा.