पावसाळी घाटाच्या जलरंगचित्रात मधली झाडी सपाट दिसते – मदत हवी आहे

नमस्कार. ताम्हिणी घाटातील पावसाळी दृश्य मी 300 जीएसएमच्या (जाड) खडबडीत कागदावर जलरंगात रंगवत असून मधल्या झाडीपाशी काम अडले आहे. दूरच्या डोंगररांगा अल्ट्रामरीन निळ्यात किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) मिसळून ओल्या कागदावर फिक्या लावल्यामुळे छान मागे सरकतात आणि पुढची कारवीची झुडपेही ठसठशीत उतरली आहेत. परंतु या दोहोंमधली झाडी एकाच हिरव्या पट्ट्यासारखी दिसते. समोरचे सगळेच हिरवेगार असताना अंतर दाखवण्यासाठी हिरव्यातला पिवळेपणा कमी करत जावे, की गडद-फिक्यातला फरक आणि कडांचा मऊपणा यांवरच भिस्त ठेवावी?

दुसरी अडचण उजेडाची आहे. ढगांतून ऊन उतरते तेव्हा मागून प्रकाश आलेली पाने पिवळसर, जवळजवळ पारदर्शक दिसतात, तर आकाशाचा उजेड परावर्तित करणारी पाने निळसर करडी भासतात. अशा उजळ पानांसाठी कागद मास्किंग फ्लुइडने (रंग लागू न देणाऱ्या, नंतर सोलून काढायच्या द्रवाने) कोरा राखावा, की शेवटी गॉश (अपारदर्शक जलरंग) लावावा? गॉशने जलरंगाचा पारदर्शक गुणच हरवतो, असे माझे मत आहे (मास्किंगच्या कडाही फार टोकदार येतात). जाणकारांनी, विशेषतः प्रत्यक्ष स्थळी बसून रंगवणाऱ्यांनी, कृपया आपली पद्धत सविस्तर सांगावी.