ट्रेबल टोचतंय म्हणून स्पीकर विकू नका, आधी खोली बघा

कानसेन: दुसऱ्या धाग्यावर एकाने परवा फर्मावलं, "आवाज कर्कश वाटतोय म्हणजे ट्वीटर भिकार. विका आणि वरचं मॉडेल घ्या." (ट्वीटर म्हणजे स्पीकरमधला उंच, बारीक आवाज काढणारा छोटा भाग; त्या आवाजालाच ट्रेबल म्हणतात.) राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण मी नेमकं हेच करून पैसे घालवलेत. नव्या फ्लॅटमध्ये आलो. ॲम्प तोच, स्पीकर तेच, पण 'स' आणि 'श' कानात सुईसारखे घुसायला लागले. स्पीकर निम्म्या किमतीत विकून महागडे आणले. पंधरा दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. मग एके दिवशी आईने उन्हं दाखवून आणलेल्या गोधड्या सोफ्यावर आणि बाजूच्या भिंतीशी रचून ठेवल्या, आणि आवाज एकदम निवला! जुन्या घरात सतरंजी होती, पुस्तकांनी भरलेली भिंत होती. इथे खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काचेचा सरकता दरवाजा, आवाज त्यांवर आपटून परत येतो. अशा बारीक आवाजाची, म्हणजे 5000 हर्ट्झची, लहर जेमतेम 7 सेंटिमीटरची, तिला जाड गोधडी पुरते. शिवाय स्पीकर थेट कानावर रोखलेले होते, ते जरा बाहेर वळवले. ट्वीटर समोरच्या रेषेत सगळ्यात तिखट, कडेला उतरत जातो.

सोल्डरवाला: मी भाड्याच्या घरात राहतो. भिंतींना गोधड्या टांगल्या तर मालक मलाच बाहेर टांगेल. 8 ओमच्या ट्वीटरला सिरीजमध्ये 1 ओमचा रेझिस्टर (वीज अडवणारा छोटा तुकडा) लावा, त्याचा आवाज साधारण 1 डेसिबल उतरतो. काम संपलं. आणि ट्वीटर तिखट असूच शकत नाही, असं नाही. यामाहाचा 1978 चा एनएस-10 स्पीकर आठवा, स्टुडिओवाले त्याच्या ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. 1987 च्या स्टुडिओ आवृत्तीत कंपनीने स्वतःच तो मवाळ केला.

खर्ज_पंचम: गोधडी काय, रेझिस्टर काय, दोघं मिळून तानपुरा मारताय. जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती गुंजन, असते कुठे? मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांत. मिरजेचा कारागीर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून घासून, तारेखालचं सूत केसभर सरकवून जे उघडतो, ते तुम्ही कापडात गुंडाळता. माझ्या वडिलांचा तानपुरा घरात आहे, रोज छेडतो. तुमच्या सिस्टिमवर तो तसा वाजतो का?

सोल्डरवाला: घरातला तानपुरा आणि रेकॉर्डिंगमधला तानपुरा यांत माइक असतो, साहेब. कित्येक रेकॉर्डिंगमध्ये तर पेटीतला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावलेला असतो.

खर्ज_पंचम: तेच तर दुखणं आहे! त्या पेटीने एका पिढीचे कान बिघडवले. शिष्यांना तानपुरा लावता येत नाही, तार उतरली तर कळत नाही. मैफलीत मागे तानपुरे नुसते शोभेला आणि आवाज पेटीचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कानसेन: माझ्या मुलीचा रोजचा रियाज त्या पेटीवर चालतो. दोन खोल्यांच्या घरात चार तारा जुळवत बसायला तिला वेळ कुठला? तिचे कान बिघडलेत असं तुम्ही न ऐकता कसं म्हणता?

खर्ज_पंचम: मुलीबद्दल बोललो नाही. पण तिला एकदा खऱ्या तानपुऱ्यासमोर बसवा, मग बोलू.

सोल्डरवाला: धागा स्पीकरचा आहे. वय वाढलं की वरचं ऐकू येणं कमी होतं, म्हणून काहींना ट्रेबल कधीच पुरत नाही.

खर्ज_पंचम: माझं वय काढू नका. जवारी बंद झाली की मला अजून दुसऱ्या खोलीतून कळतं.

कानसेन: काल रात्री एक गोधडी काढून ऐकलं. खर्ज_पंचम यांचं एवढं मान्य: कापड जास्त झालं होतं. वरचं सगळं शोषलं जात होतं, खालचं मात्र घुमतच होतं, आणि तानपुरा मुका झाला होता. बाजूच्या भिंतीची गोधडी राहील. रेझिस्टर लावणार नाही.