क्लॅन, टार्टन, किल्ट: मराठीत काय म्हणाल?

एका किशोर मासिकासाठी स्कॉटलंडच्या मॅकग्रेगर क्लॅनवर लेख लिहिते आहे. पहिल्याच ओळीत अडले. ‘क्लॅन’ला शब्दकोशात ‘कूळ’ सापडतं, पण माझं माहेर शेतकऱ्याचं. कूळ म्हटलं की मला आधी कूळकायदाच आठवतो: जमीन एकाची, कसणारा दुसरा. मुलांचाही गोंधळ होईल. ‘टोळी’ तर नकोच, त्यात लुटारूपणाचा वास आहे. टार्टनला नुसतं ‘चौकडीचं कापड’ म्हणून भागेल का? आणि किल्टला, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या निऱ्यांच्या वेषाला, ‘घागरा’ म्हणायला माझा हात धजत नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

‘गोत्र’ का नाही?

प्रतिसाद

गोत्र चालणार नाही. सगोत्र लग्न आपल्याकडे परंपरेने निषिद्ध. तिकडे मॅकग्रेगर मुलगी मॅकग्रेगर मुलाला खुशाल देतात. शिवाय लग्न किंवा दत्तक सोडलं तर गोत्र बदलत नाही. क्लॅनमध्ये बाहेरची माणसंसुद्धा येत. आसऱ्याला आलेलं कुटुंब प्रमुखाचं नाव लावू लागे आणि दोन पिढ्यांत त्याच क्लॅनचं होऊन जाई. याच कारणासाठी ‘भावकी’ही पुरत नाही. सुतक पाळणाऱ्यांपलीकडे भावकी जात नाही.

मूळ शब्द मात्र फार गोड आहे. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘क्लान’ म्हणजे लेकरं. तो आला लॅटिनमधल्या ‘प्लांता’वरून, म्हणजे रोप, कोंब. जुन्या आयरिशमध्ये ‘प’ हा ध्वनी नव्हता, म्हणून बाहेरून आलेल्या अशा शब्दांतल्या ‘प’चा ‘क’ झाला. आपल्या ‘वंश’ शब्दाचा एक अर्थ बांबू, हे ध्यानात घ्या. माणसांची परंपरा सांगायला दोन्ही भाषांनी उगवणारी वस्तूच धरली. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, तेव्हा मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. त्यांच्या ढालीवर झाड आहे तेही मुळासकट उपटलेलं, आणि रणघोषणेचा अर्थ ‘उंच रान’.

प्रतिसाद

ताई, तुम्ही ज्याला गोंधळ म्हणता तोच नेमका अर्थ आहे, म्हणून माझं मत ‘कूळ’लाच. क्लॅनमधला साधा माणूस प्रमुखाचा नातलग मानला जाई आणि त्याची जमीनही कसत असे. वंश आणि जमिनीचा खंड दोन्ही एका शब्दात सांगणारा शब्द इंग्रजीकडे नाही. मराठीकडे आहे, मग तो टाकायचा कशाला?

मॅकग्रेगरांची तर सगळी कहाणीच या दोन अर्थांच्या मधोमध घडते. ग्लेन ऑर्की, ग्लेनस्ट्रे ही त्यांची जुनी खोरी. पण सनदा हळूहळू कॅम्पबेल या दुसऱ्या क्लॅनच्या हाती गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या राबणारे हे, कागदावर नाव त्यांचं. सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मॅकग्रेगर हे एक कूळ होतं आणि कॅम्पबेलांचं कूळ झालं. ग्लेनस्ट्रेच्या प्रमुखाने हक्क सोडला नाही, तेव्हा १५७० मध्ये त्याचं मुंडकं उडवलं. जमीन नसलेलं कूळ मग गुरं पळवून जगू लागलं.

फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रूइन इथे त्यांनी कोल्हून क्लॅनची मोठी कत्तल केली. त्यावर राजा सहाव्या जेम्सच्या सल्लागार मंडळाने ३ एप्रिल १६०३ रोजी जी शिक्षा दिली ती शब्दांचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. त्यांनी ‘मॅकग्रेगर’ हे नावच रद्द केलं. दुसरं आडनाव घ्या, नाहीतर मरण. पुढच्या हुकमांत भर पडली: जेवणापुरती टोक नसलेली सुरी सोडून शस्त्र नको, चारांपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. प्रमुख अलास्टरला जानेवारी १६०४ मध्ये एडिंबरात फाशी झाली. बाकीचे कॅम्पबेल, मरे, ड्रमंड, ग्रॅहम, ग्रँट अशी नावं लावून राहिले. म्हणजे ज्यांनी जमीन घेतली त्यांचंच नाव कित्येकांना लावावं लागलं. हे लिहितानाही मन जड होतं. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये परत आली, आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये.

बंडखोर म्हणून प्रसिद्ध असलेला रॉब रॉय मॅकग्रेगर १७३४ मध्ये वारला तो या बंदीच्या काळातच. सही करताना तो आईकडचं कॅम्पबेल नाव वापरायचा. बॅलक्विडरच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे आणि आताच्या शिळेवर कोरलंय: ‘त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर’. भाषांतर माझं. याहून जवळचा मराठी वाक्प्रचार मला सापडला नाही.

प्रतिसाद

मी इचलकरंजीचा, घरात तीन पिढ्या माग. टार्टनबद्दल सांगतो.

टार्टन म्हणजे कुठलाही चौकडा नव्हे. उभ्या ताण्यात रंगांचे धागे ज्या क्रमाने आणि ज्या मोजणीने लावतात, तोच क्रम आणि तीच मोजणी आडव्या बाण्यात. क्रम एका धाग्यापाशी पोचतो आणि तिथून आरशातल्यासारखा उलटा फिरतो. या मोजणीला तिकडे ‘सेट’ म्हणतात. आम्ही ‘रिपीट’ म्हणतो.

रॉब रॉयच्या नावाचा चौकडा सगळ्यात सोपा, लाल आणि काळा सारख्या रुंदीचा. कापड हातात धरून बघा. लालावर लाल आला तिथे स्वच्छ लाल, काळ्यावर काळा तिथे ठार काळा, आणि लालावर काळा आला तिथे तिसराच रंग दिसतो. तो रंग कुणी रंगवलेला नसतो. वीण ट्विलची, दोन वर दोन खाली, म्हणून त्या घरात बारीक तिरप्या रेघा पडतात आणि लांबून डोळा त्यांचा एक काळपट लाल करतो. दोन रंगांतून तीन. सहा रंग घेतले तर एकवीस. म्हणून चांगला टार्टन थोड्या सुतात एवढा श्रीमंत दिसतो.

आता कटू वाटेल ते. क्लॅनचा ठरलेला टार्टन ही फार जुनी गोष्ट नाही. चौकडीचं कापड जुनं आहे. फॉलकर्कला रोमन नाण्यांच्या भांड्यात सापडलेला तुकडा तिसऱ्या शतकातला, नुसत्या मेंढीच्या गडद-फिकट लोकरीचा. पण अमुक नमुना अमुक नावाचा, ही वाटणी साधारण १८०० च्या आगेमागे झाली, आणि त्यात बॅनकबर्नच्या विल्सन नावाच्या विणकर पेढीचा हात मोठा. त्यांचे नमुने आधी आकड्यांनी किंवा गावांच्या नावांनी विकले जात. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने (हायलँड म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ भाग) क्लॅनप्रमुखांकडे आपापल्या टार्टनचे तुकडे मागितले, तेव्हा कित्येकांना आपला कुठला हेच ठाऊक नव्हतं. रॉब रॉयने तो लाल-काळा अंगावर घेतल्याचा पुरावा नाही. मला यात कमीपणा वाटत नाही. विणकराने घातलेलं नाव लोकांनी जिवाशी धरलं, ही विणकराची मोठीच कमाई. २००९ पासून तर सरकारी टार्टन नोंदवही आहे.

तेव्हा लेखात ‘टार्टन’ हाच शब्द ठेवा आणि एकदा ‘मोजणीचा चौकडा’ असं फोडून सांगा.

प्रतिसाद

गेलिकमध्ये त्याला ‘ब्रेख्कन’ म्हणतात, ‘ब्रेख्क’ म्हणजे कबरा. ठिपकेदार ट्राउट माशालाही तोच शब्द.

किल्टसाठी नामापेक्षा क्रियापद नीट निवडा. आपण शिवलेलं घालतो आणि न शिवलेलं नेसतो. जुना मोठा किल्ट म्हणजे चार-पाच वार लांब, दोन पट्ट्या मधोमध शिवून रुंद केलेलं लोकरी कापड. ते जमिनीवर पसरायचं, निऱ्या घालायच्या, वर आडवं होऊन कमरेला पट्टा आवळायचा, उरलेला भाग खांद्यावर. रात्री तेच पांघरूण. इंग्रजीतला ‘प्लेड’ ज्या गेलिक शब्दाशी जोडतात त्याचा अर्थच घोंगडी. आमच्या आजोबांची घोंगडीही दोन पट्ट्या जोडलेली होती. तेव्हा मोठा किल्ट नेसत, आणि अठराव्या शतकात निऱ्या शिवलेला छोटा किल्ट आला तो घालतात. मराठीने फुकट दिलेला हा फरक सोडू नका.

राजाविरुद्ध उठलेल्यांचा कलोडनच्या लढाईत पराभव झाला, त्यानंतर, १ ऑगस्ट १७४७ पासून, हायलँडच्या पुरुषांना हा वेष बंद झाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार. सैनिकांना सूट होती. १७८२ मध्ये तो कायदा गेला. म्हणजे १७४७ ते १७७४ अशी सत्तावीस वर्षं मॅकग्रेगर माणसाला स्वतःचं नावही बंद आणि नेसणंही बंद.

प्रतिसाद

मी शिरपूर तालुक्यातला. या चर्चेतल्या कुळातलं एक माणूस आमच्याकडे येऊन गेलं आहे, तेवढं नोंदवतो. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर जनरल हिस्लॉपच्या इंग्रज फौजेने हल्ला केला. आतल्या दरवाजात झटापट झाली, एक कॅप्टन मॅकग्रेगर मारला गेला आणि लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे जखमी झाला. नंतर किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिली. आमच्याकडे ती आठवण आजही कडू आहे.

हा जखमी मरे म्हणजे इव्हन, मॅकग्रेगरांच्या प्रमुखाचा मुलगा. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरात आला तेव्हा स्कॉटलंडच्या राजचिन्हांच्या पहाऱ्याला हाच आपली माणसं घेऊन उभा होता, आणि त्याच वर्षी त्याने ‘मरे’ टाकून ‘मॅकग्रेगर’ हेच आडनाव रीतसर घेतलं. थाळनेरच्या वर्णनात दोन आडनावं एकापाठोपाठ का येतात हे मला लहानपणापासून कोडं होतं. ते आज या धाग्यावर सुटलं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘कूळ’ ठेवते, दोन्ही अर्थांसकट. पहिला परिच्छेद असा बदलला आहे, काही खटकलं तर सांगा:

‘मॅकग्रेगर हे स्कॉटलंडमधलं एक कूळ. ते स्वतःच्याच खोऱ्यात दुसऱ्याचं कूळ झालं. १६०३ मध्ये त्यांचं नाव घेणं हा गुन्हा ठरला, आणि पुढे ते नेसत असलेलं चौकड्याचं लोकरी कापडही.’