कांद्याचं ३५० चं अनुदान: मदत की फुकटचा पैसा?

रांगडा_कांदा: काल इथंच एकाने लिहिलं, "२०२३ ला कांद्याला क्विंटलमागे ३५० वाटले, एकेकाला ७० हजार, टॅक्स आम्ही भरायचा आणि बुलेट यांनी घ्यायची." डोकं फिरलं म्हणून धागा काढतोय. साहेब, ७० हजाराला २०० क्विंटल विकलेला दाखवावा लागत होता, तोही १ फेब्रुवारी ते ३१ मार्चमध्येच. त्या फेब्रुवारीत माझी ट्रॉली क्विंटलला ४१० ने गेली. व्यापाऱ्याने दोन कांदे उचलले, दाबले, परत टाकले, पुढच्या ट्रॉलीकडे. लाल कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, परत आणून करू काय? बार्शीकडच्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो सोलापूरला नेला, हमाली-तोलाई-भाडं कापून २ रुपयांचा चेक मिळाला, विसरलात?

डोंबिवली_फास्ट: ते मीच लिहिलंय. भाव पडला की सरकार, चढला की "मार्केट आहे". २०१९ ला शंभराच्या वर किलोने घेतला, मला कोणी अनुदान दिलं? लॉकडाऊनमध्ये माझं स्टेशनरीचं दुकान बुडालं, तेव्हा आलं का कोणी विचारायला?

येवलेकर: तुम्हाला स्वस्त मिळावा म्हणूनच २०१९ ला निर्यातबंदी लावली होती, ते अनुदान नाही तर काय? २०२३ ला ऑगस्टात ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, सप्टेंबरात आमच्या ३५० चा पहिला हप्ता आला आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद. म्हणजे आमच्याच खिशातले आम्हाला दिले, तेही हप्त्याने.

बटाईवाला: आला कोणाला? मी बटाईने करतो. रोप मी टाकलं, रात्री दोनची लाईट मी धरली, विक्रीची पट्टी माझ्या नावाची, पण सातबारा मालकाचा आणि मालक पुण्यात. मालकाला पीक पाहणीत सातबाऱ्यावर कांदा नोंदवायला सांगितला तर म्हणे ओटीपी येत नाही. फॉर्म बाद.

सातबारा_धारक: म्हणजे मालक चोर का? आमच्या घरात एकदा असंच तोंडी दिलं होतं, पुढे कूळ लागलं, म्हणजे कसणाऱ्याने जमिनीवरच हक्क सांगितला, आजोबांची वीस वर्षं कोर्टात गेली. कोण देईल लिहून?

बटाईवाला: लिहून नको हो, फोन तर उचला! निम्मा माल न्यायला बरोबर गाडी घेऊन येता.

सातबारा_धारक: निम्मा खर्चही देतो, ते नाही लिहिलंत. खताची बिलं टाकू का इथं?

बटाईवाला: टाका. त्यात माझ्या बायकोची निंदणी किती लावलीय तेही दाखवा.

रांगडा_कांदा: अहो विषय कांद्याचा चाललाय, तुमचं बांधावर मिटवा.

डोंबिवली_फास्ट: चालू दे, आत्ता कळतंय पैसा कुठं जातो. बटाईवाल्याला मिळायला हवे होते, हे मान्य. बुलेटचं मागे घेतो. पण कांद्याला हमीभाव नाही, दर दोन वर्षांनी रडून ३५० मागायचे, हे किती दिवस?

येवलेकर: निर्यात उघडी ठेवा, ३५० नका देऊ. लिहून देतो.

सातबारा_धारक: लिहून देऊ नका, कूळ लागेल.