बक्स काउंटीतला मध्यममार्गी मतदार आणि २०२४ चा प्रचार

डेलावेअरकाठ (२३ ऑक्टोबर २०२४)

गेल्या बुधवारी, १६ ऑक्टोबरला, कमला हॅरिस पेनसिल्व्हेनियातील आमच्या बक्स काउंटीत वॉशिंग्टन क्रॉसिंग येथे आल्या आणि शंभराहून अधिक रिपब्लिकनांना सोबत घेऊन त्यांनी राज्यघटनेच्या रक्षणावर भाषण केले. त्यानंतर चारच दिवसांनी डोनाल्ड ट्रम्प याच काउंटीत फीस्टरव्हिलच्या मॅकडॉनल्ड्समध्ये आले, एप्रन बांधून त्यांनी फ्राइज तळले आणि खिडकीतून गाड्यांमधल्या लोकांच्या हाती पिशव्या दिल्या. राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्याची १९ इलेक्टोरल मते पणाला लागलेली आहेत. २०१६ मध्ये ट्रम्प या राज्यात सुमारे ४४ हजार मतांनी जिंकले आणि २०२० मध्ये बायडन सुमारे ८० हजारांनी. त्यामुळे दोघांनाही आमच्या दारी येणे भागच आहे.

माझी मतदार नोंदणी कोणत्याही पक्षाकडे नाही. गॅलपच्या सर्वेक्षणानुसार २०२३ मध्ये सुमारे ४३ टक्के अमेरिकी लोक स्वतःला अपक्ष म्हणवत होते, म्हणजे मी काही दुर्मीळ माणूस नव्हे. तरीही पेनसिल्व्हेनियात पक्षाची नोंदणी नसलेल्याला प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, उमेदवार निवडण्याचा अधिकार नाही. एप्रिलमध्ये झालेल्या रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी निकी हेली यांना दीड लाखांहून अधिक मते पडली, आणि तोवर त्यांनी माघार घेऊन महिना उलटून गेला होता. त्या मतदारांना काय हवे होते, याची विचारपूस करण्यापेक्षा ते आता कोणाकडे वळतील याचा हिशेब मांडण्यातच दोन्ही पक्षांचे सहा महिने गेले.

माझी तक्रार प्रचाराच्या भडकपणाबद्दल नाही. माझा प्रश्न एकच आहे आणि तो दोघांनाही आहे: सत्तेत आल्यावर तुम्ही स्वतःच्या बाजूच्या लोकांना कोणत्या गोष्टीसाठी 'नाही' म्हणाल? विरोधकांना नकार देण्यासाठी धैर्य लागत नाही. राष्ट्राध्यक्षाची पारख त्याच्याच माणसांच्या आग्रहासमोर होते, आणि मध्यममार्गी मतदाराला नेमकी तीच पारख करायची असते.

सीमेचा प्रश्न घ्या. फेब्रुवारीत ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर लँकफर्ड, कनेक्टिकटचे डेमोक्रॅट मर्फी आणि ॲरिझोनाच्या अपक्ष सिनेमा यांनी अनेक महिने एकत्र बसून एक विधेयक तयार केले. सीमेवर येणाऱ्यांची दैनंदिन सरासरी आठवडाभर पाच हजारांवर राहिली, तर आश्रयाच्या अर्जांची प्रक्रिया थांबवण्याची त्यात तरतूद होती. डेमोक्रॅटांनी आपल्या डाव्या गटाची नाराजी पत्करून ते स्वीकारले. ट्रम्प यांनी विरोध करताच बहुतेक रिपब्लिकन सिनेटर मागे हटले, आणि पुढे जाण्यासाठी ६० मते लागत असताना ४९ विरुद्ध ५० अशा मतदानात ते विधेयक बारगळले. येथे ट्रम्प यांचा दोष मला स्पष्ट दिसतो. पण डिसेंबर २०२३ मध्ये सीमेवर एका महिन्यात सुमारे अडीच लाख लोक अडवले गेले असताना बायडन प्रशासनाने आश्रयाच्या नियमांवर कडक आदेश काढायला जून २०२४ का उजाडला, याचे उत्तर हॅरिस यांच्याकडूनही मला मिळालेले नाही.

फ्रॅकिंगचेही, म्हणजे जमिनीखालचा खडक दाबाच्या पाण्याने फोडून वायू काढण्याच्या पद्धतीचेही, तसेच. नैसर्गिक वायूच्या उत्पादनात टेक्सासखालोखाल आमच्या राज्याचा क्रमांक लागतो. २०१९ मध्ये हॅरिस फ्रॅकिंगवर बंदी घालण्याच्या बाजूने होत्या आणि आज बंदी घालणार नाही असे सांगतात. मत बदलण्याला माझी काहीच हरकत नाही, उलट पुराव्यामुळे मत बदलणारा नेता मला हवाच आहे. पण तो पुरावा कोणता होता, हे सांगण्याऐवजी 'माझी मूल्ये बदललेली नाहीत' एवढेच उत्तर मिळते. याच महिन्यात दूरचित्रवाणीवर त्यांना विचारण्यात आले की गेल्या चार वर्षांत बायडन यांच्यापेक्षा तुम्ही काय वेगळे केले असते, तेव्हा असे काही मनात येत नाही, असे त्या म्हणाल्या. ट्रम्प यांना सप्टेंबरच्या वादसभेत 'ओबामाकेअर' या आरोग्य विमा कायद्याच्या पर्यायाबद्दल विचारले, तेव्हा नऊ वर्षांच्या राजकारणानंतरही त्यांच्याकडे योजनेच्या केवळ 'संकल्पना' होत्या.

देशावरील कर्ज जुलैमध्ये ३५ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले. राष्ट्रीय अर्थसंकल्पावर लक्ष ठेवणाऱ्या एका बिगरपक्षीय समितीचा याच महिन्यातला मध्यवर्ती अंदाज असा आहे की पुढील दहा वर्षांत हॅरिस यांच्या प्रस्तावांमुळे त्यात साडेतीन लाख कोटींची आणि ट्रम्प यांच्या प्रस्तावांमुळे साडेसात लाख कोटींची भर पडेल. फरक दुपटीहून अधिक आहे आणि तो लहान नाही. पण खर्चाला आवर घालण्याविषयी दोघांपैकी कोणीही एक सभासुद्धा घेतलेली नाही. उलट टिपवरचा कर रद्द करण्याचे आश्वासन आधी एकाने दिले आणि मग दुसऱ्याने.

मी राष्ट्राध्यक्षपदासाठी हॅरिस यांना आणि प्रतिनिधिगृहासाठी आमचे रिपब्लिकन प्रतिनिधी ब्रायन फिट्झपॅट्रिक यांना मत द्यायचे ठरवले आहे. आपली मते वाचायला आवडतील.

---

निर्भीड_मत

आपण प्रत्येक मुद्दा काळजीपूर्वक मांडला आहे, परंतु तराजूच्या दोन पारड्यांत काय ठेवले आहे ते पाहा. एका पारड्यात फ्रॅकिंगवरचे बदललेले मत आणि मुलाखतीतले एक फसलेले उत्तर आहे. दुसऱ्या पारड्यात असा माणूस आहे, ज्याने निवडणूक हरल्यावर २ जानेवारी २०२१ रोजी जॉर्जियाच्या अधिकाऱ्याला फोन करून आपल्याला ११,७८० मते शोधून हवी असल्याचे सांगितले, ज्याच्या समर्थकांनी चार दिवसांनी संसदभवनावर हल्ला केला, आणि जो आजही पराभव मान्य करत नाही. १ ऑक्टोबरच्या वादसभेत त्याच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवारालाही '२०२० मध्ये ट्रम्प हरले का' या प्रश्नाचे सरळ उत्तर देता आले नाही. या गोष्टी आपल्या लेखात कुठेच नाहीत. आपण मत योग्य ठिकाणी देत आहात, पण त्यामागचे खरे कारण मात्र लिहिलेले नाही.

शिवाय आपला जो एकमेव प्रश्न आहे, त्याचे उत्तर हॅरिस यांनी कृतीतून दिले आहे असे माझे मत आहे. सर्वांसाठी सरकारी आरोग्य विमा ही डाव्या गटाची लाडकी मागणी त्यांनी सोडली. मंत्रिमंडळात एक रिपब्लिकन घेईन, असे जाहीर केले. लिझ चेनी यांच्यासारख्या पुराणमतवादी नेत्याला सोबत घेतल्यामुळे त्यांच्याच पक्षात कुरबुर झाली, ती त्यांनी सोसली. मध्यममार्गी मतदाराला दोन्हीकडे समान अंतर राखण्याची इतकी सवय होते की त्याच्याकडे चालत आलेला माणूसही त्याला ओळखू येत नाही.

---

लिहाय_खोऱ्यातून

मी या राज्यात यंत्रांच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना चालवतो आणि ट्रम्प यांना मत देणार आहे. ६ जानेवारीच्या घटनेचे मी समर्थन करत नाही, हे आधीच सांगतो.

जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्के झाला, चाळीस वर्षांतला सर्वाधिक. आता दर खाली आला आहे, असे अर्थतज्ज्ञ सांगतात, आणि ते खरे आहे. पण दर खाली येणे म्हणजे किमती खाली येणे नव्हे. माझ्या कामगारांच्या घरचा किराणा, गाडीचा विमा, घरभाडे हे सगळे चढले ते चढलेच. त्यांच्यापैकी अनेकांनी २०२० मध्ये बायडन यांना मत दिले होते. त्यांना राज्यघटनेची पर्वा नाही असे कोणी म्हणू नये. चार वर्षे सत्तेत असलेल्या पक्षाच्या उमेदवाराला 'मी काहीही वेगळे केले नसते' असे उत्तर देता येते, याचा त्यांना राग आहे, आणि मतदाराचा राग व्यक्त करण्याची सनदशीर जागा मतपेटीच आहे.

ज्याचे घर फिटले आहे आणि ज्याची निवृत्तीची बचत शेअर बाजाराबरोबर वाढली आहे, त्याला कर्जाच्या लाख कोटींची चर्चा करत दोन्हीकडचे दोष मोजणे परवडते. महिन्याच्या वीस तारखेला पगार संपणाऱ्या माणसाची तीन वर्षांपूर्वीची स्थिती बरी होती की आजची, या साध्या प्रश्नाला मी मध्यममार्गी प्रश्न मानतो. आयात शुल्काबद्दल मलाही शंका आहेत, कारण माझे पोलाद त्यामुळे महागू शकते. पण जपानच्या निप्पॉन स्टीलने आमच्या राज्यातली यूएस स्टील विकत घेऊ नये, असे बायडन, हॅरिस आणि ट्रम्प तिघेही म्हणतात. तेव्हा मुक्त व्यापाराची बाजू घेणारा या शर्यतीत कोणीच उरलेला नाही.

---

रांगेत_उभा

मला मत देता येत नाही. मी एच-१बी व्हिसावर आहे आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून अधिक मिळू शकत नाहीत, म्हणून भारतीयांची ही रांग दशकांची झाली आहे. येथे लहानाचा मोठा झालेला मुलगा २१ वर्षांचा होताच आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतो. आमच्या मराठी मंडळात अशी घरे आहेत, आणि मुलाचे एकविसावे वर्ष जवळ येते तसा त्या घरांतला घोर वाढत जातो.

डेलावेअरकाठ यांनी ज्या विधेयकाचा उल्लेख केला, त्यात सीमेबरोबर अशा मुलांसाठी संरक्षण आणि दरवर्षी सुमारे पन्नास हजार जादा ग्रीन कार्डे यांचीही तरतूद होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. मधल्या मार्गाने बनलेला कायदा पडतो तेव्हा कोणाचे काय बुडते, ते यातून दिसावे. त्या विधेयकाच्या पराभवाची बातमी आमच्या घरी वर्तमानपत्राच्या पानावर थांबली नाही.

लिहाय_खोऱ्यातून यांना एकच विनंती आहे. बेकायदा स्थलांतराला विरोध आहे, कायदेशीर स्थलांतराला नाही, हा भेद आपण मानत असाल, तर ओहायोतल्या स्प्रिंगफील्डची आठवण ठेवा. तेथील बहुतेक हैतीयन लोक कायदेशीर परवानगीने राहत आहेत, आणि तरीही ते शेजाऱ्यांची कुत्रीमांजरे खातात, असे ट्रम्प यांनी वादसभेत सांगितले. उद्या तसे बोट आमच्याकडे वळले, तर कागदपत्रे दाखवायला वेळ मिळेल का?

---

मुठाकाठ

पुण्यातून वाचतो आहे. मला वाटते की आपण सगळे उमेदवारांच्या स्वभावावर बोलत आहात आणि दोष रचनेत आहे. अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना १९९२ मध्ये जवळपास १९ टक्के मते मिळाली आणि इलेक्टोरल मत एकही नाही. २००० मध्ये फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांवर लागला, तेव्हा ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना तेथे ९७ हजारांहून अधिक मते होती. अशा व्यवस्थेत 'दगडापेक्षा वीट मऊ' याखेरीज मतदाराकडे काय उरते? मेन राज्यात पसंतीक्रमाने मत देता येते. तशी पद्धत पेनसिल्व्हेनियात येईपर्यंत मध्यममार्गी मतदाराने उमेदवाराकडून उत्तराची अपेक्षा ठेवणेच व्यर्थ आहे.

---

डेलावेअरकाठ

सर्वांचे मनापासून आभार.

मुठाकाठ, रचनेचा मुद्दा मान्य आहे, पण अपेक्षा सोडणे मान्य नाही. पसंतीक्रमाची पद्धत आणण्यासाठीसुद्धा आमच्या राज्यात आधी विधिमंडळातल्या दोन्ही पक्षांना मनवावे लागेल, आणि बंद प्रायमरी अपक्षांना खुली करण्याचे काम तर त्याहून जवळचे आहे.

निर्भीड_मत, ६ जानेवारी मी गृहीत धरली होती. ती लिहायला हवी होती असे आपण म्हणता, तर स्पष्टच लिहितो: हॅरिस यांना मत देण्याचे माझे पहिले कारण तेच आहे. करांचे दर चार वर्षांनी बदलता येतात, सीमेचे धोरण बदलता येते, पण पराभूत अध्यक्षाने खुर्ची सोडायची असते हा संकेत एकदा मोडला तर तो कोणत्या निवडणुकीने परत आणायचा, हे मला कळत नाही. मात्र हे कारण पुरेसे असल्यामुळे हॅरिस यांना इतर प्रश्न विचारूच नयेत, हा आपला सूर मला पटत नाही. मंत्रिमंडळात एक रिपब्लिकन घेणे ही सदिच्छा आहे, धोरण नव्हे. लिहाय_खोऱ्यातून यांच्या कामगारांना दिलेले एक सरळ उत्तर त्याहून मोलाचे ठरले असते.

लिहाय_खोऱ्यातून, आपल्या कामगारांचा राग रास्त आहे. परंतु सर्व आयातीवर १० ते २० टक्के आणि चीनच्या मालावर ६० टक्के शुल्क लावले, तर त्यांचा किराणा स्वस्त कसा होईल, हे आपण लिहिलेले नाही. जो माणूस महागाईमुळे मत बदलतो आहे, त्याला हे सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे असे मला वाटते.

रांगेत_उभा, त्या तरतुदीकडे आपण लक्ष वेधलेत, हे फार बरे झाले. फिट्झपॅट्रिक यांच्या कार्यालयाला मी याच मुद्द्यावर पत्र लिहिणार आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याला मत देणाऱ्या १३ रिपब्लिकन प्रतिनिधींमध्ये ते होते, आणि २०२२ च्या बंदूक नियंत्रण कायद्यालाही त्यांनी पाठिंबा दिला. स्वतःच्या बाजूला 'नाही' म्हणून दाखवलेला माणूस मला मतपत्रिकेवर तेथेच दिसतो.

---

निर्भीड_मत

येथे आपली विसंगती आहे. सत्तांतराचा संकेत हे आपले पहिले कारण असेल, तर प्रतिनिधिगृहाचे मतही त्याच कसोटीवर द्यायला हवे. फिट्झपॅट्रिक निवडून आले, तर ते रिपब्लिकन सभापतीला मत देतील, आणि आजचे सभापती माइक जॉन्सन यांनीच डिसेंबर २०२० मध्ये, टेक्सासने पेनसिल्व्हेनियाचा निकाल अमान्य करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या दाव्याच्या पाठिंब्यासाठी १०० हून अधिक खासदारांच्या सह्या गोळा केल्या होत्या. त्यांत अमान्य होऊ घातलेले एक मत आपलेही होते.

---

डेलावेअरकाठ

हा आक्षेप मी वाचलेल्यांपैकी सर्वांत जड आहे. २०२२ अखेरीस झालेल्या कायद्याने इलेक्टोरल मतांवर हरकत घ्यायला दोन्ही सभागृहांतील किमान एक पंचमांश सदस्यांचा पाठिंबा आवश्यक केला आहे आणि उपाध्यक्षाचे काम केवळ औपचारिक असल्याचे स्पष्ट केले आहे, हा मला त्यावरचा खरा आधार वाटतो. फिट्झपॅट्रिक यांनी स्वतः २०२० चा निकाल मान्य करण्याच्या बाजूने आणि ६ जानेवारीच्या चौकशी आयोगाच्या बाजूने मत दिले होते. त्यांच्यासारखे लोकही हरले, तर त्या पक्षात 'नाही' म्हणणारे कोण उरेल? तरीही सभापतिपदाबद्दलचा आपला मुद्दा यातून पूर्ण सुटत नाही, हे मी मान्य करतो. माझी टपाली मतपत्रिका टेबलावर आहे. राष्ट्राध्यक्षपदाची जागा भरली आहे, प्रतिनिधिगृहाची अजून भरलेली नाही. ५ नोव्हेंबरच्या रात्री आठपर्यंत ती काउंटीच्या कार्यालयात पोहोचली पाहिजे. येथील मराठी मतदारांना विनंती आहे की मतपत्रिका आतल्या गोपनीय पाकिटात घालूनच बाहेरच्या पाकिटात ठेवावी आणि त्यावर सही व तारीख न विसरता घालावी, कारण एवढ्या चुकीनेही आमच्या राज्यात मत बाद होऊ शकते.